गुलामगिरी, प्रारंभिक अमेरिकी प्रजासत्ताकातील : राजकारण आणि अर्थवाढ

अमेरिकेची संयुक्त संस्थाने १७८९ मध्ये नव्या संविधानाखाली कारभार करू लागली, तेव्हापासून मेक्सिकोबरोबरचे युद्ध १८४८ मध्ये संपेपर्यंतच्या काळाला सामान्यतः प्रारंभिक प्रजासत्ताकाचा काळ म्हणतात. या साठ वर्षांत देश अटलांटिक किनाऱ्यावरून पॅसिफिकपर्यंत पसरला, मताधिकारासाठीची मालमत्तेची अट बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांसाठी रद्द झाली आणि निर्यातव्यापार अनेक पटींनी वाढला. गुलामांची संख्याही याच काळात आणि पुढेही वाढत गेली. १७९० च्या पहिल्या जनगणनेत ती सुमारे ७ लाख होती, १८३० मध्ये २० लाखांवर गेली आणि १८६० मध्ये ३९ लाखांच्या पुढे पोचली. गुलामगिरी ही वसाहतकाळाची उरलीसुरली प्रथा होती आणि ती आपोआप विरून जाणार होती, अशी समजूत पुष्कळ जुन्या पाठ्यपुस्तकांत आढळते. आकडे तिला आधार देत नाहीत. जमीन, कायदा, सैन्य आणि पत या चारही वाटांनी नव्या शासनसंस्थेने गुलामगिरीला वाढायला जागा करून दिली.

संविधानातील गणित. फिलाडेल्फियात १७८७ मध्ये तयार झालेल्या मूळ संविधानात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘सेवेस बांधलेली व्यक्ती’ असे आडवळणाचे शब्दप्रयोग मात्र आहेत. प्रतिनिधिगृहातील (संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील) जागा लोकसंख्येनुसार ठरवताना प्रत्येक राज्यातील गुलामांपैकी तीन-पंचमांश गुलाम मोजावेत, अशी तडजोड झाली. गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानले, असा तिचा अर्थ अनेकदा सांगितला जातो, पण तो दिशाभूल करणारा आहे. गुलामांची पूर्ण मोजणी दक्षिणेकडील मळेवाल्यांनाच हवी होती, कारण ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येवर मालकांना जास्त जागा मिळणार होत्या. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्याही याच हिशेबावर अवलंबून होती. १८०० च्या निवडणुकीत व्हर्जिनियाचे टॉमस जेफर्सन यांना ७३ आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांना ६५ निर्वाचकमते मिळाली. या तरतुदीने दक्षिणेला दिलेली जादा मते वजा केली, तर ॲडम्स जिंकले असते. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील, ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाचे नेते पुढे कित्येक वर्षे हे उगाळत राहिले आणि १८१४-१५ च्या हार्टफर्ड परिषदेत त्यांनी ही तरतूद रद्द करण्याची मागणीही केली. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे राष्ट्राध्यक्षपद व्हर्जिनियातील गुलाममालकांकडे होते.

आणखी दोन कलमे महत्त्वाची होती. १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर संघीय बंदी घालता येणार नाही, असे एक कलम सांगत होते. पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत मिळाला पाहिजे, असे दुसरे. १७९० च्या फेब्रुवारीत क्वेकर या ख्रिस्ती पंथीयांचे आणि बेंजामिन फ्रँक्लिन यांच्या सहीचे असे गुलामगिरीविरोधी अर्ज काँग्रेसपुढे (अमेरिकी संसदेपुढे) आले, तेव्हा राज्यांतर्गत गुलामगिरीत हात घालण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा ठराव प्रतिनिधिगृहाने केला. तो पुढे पायंडाच बनला.

उत्तरेतील मुक्ती. उत्तरेकडील राज्यांनी गुलामगिरी मोडली, पण सावकाश आणि मालकांचे नुकसान कमीत कमी होईल अशा बेताने. पेन्सिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने हयात गुलाम मुक्त झाले नाहीत. त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाही वयाची २८ वर्षे पूर्ण होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबावे लागणार होते. न्यूयॉर्कने १७९९ मध्ये असाच कायदा केला आणि तेथील उरलेले गुलाम ४ जुलै १८२७ रोजी मुक्त झाले. मॅसॅचूसेट्समध्ये न्यायालयीन निकालांनी हे काम अधिक झटपट झाले.

या कायद्यांतून पळवाट काढणाऱ्यांत खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन होते. राजधानी फिलाडेल्फियात असताना परराज्यातील मालकाचा गुलाम तेथे सलग सहा महिने राहिला, तर तो स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून वॉशिंग्टन आपल्या घरातील गुलामांना मुदत संपण्यापूर्वी राज्याबाहेर फिरवून आणत. त्यांच्यापैकी ओना जज ही तरुणी १७९६ मध्ये घरातून निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोचली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले, पण ते फसले. कायद्याच्या दृष्टीने पळालेली गुलाम म्हणूनच ती १८४८ मध्ये मरण पावली.

कापूस आणि जमीन. तंबाखूचे उत्पन्न घटत चालले असताना गुलामगिरीला नवा जोर मिळाला तो कापसामुळे. लांब धाग्याचा कापूस फक्त जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीत आणि बेटांवर येई. आतल्या भागात येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असल्याने ती हाताने काढणे परवडत नसे. एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये जॉर्जियातील एका मळ्यावर केलेल्या जिनने (सरकी काढण्याच्या यंत्राने) ही अडचण दूर केली. १७९० मध्ये देशातील कापसाचे उत्पादन सुमारे १५ लाख पौंड होते. १८०० मध्ये ते साडेतीन कोटींच्या घरात गेले, १८२० मध्ये १६ कोटींच्या आसपास पोचले आणि १८६० पर्यंत २०० कोटी पौंडांच्या पलीकडे गेले. १८३० च्या दशकाच्या मध्यापासून १८६१ मध्ये सुरू झालेल्या यादवी युद्धापर्यंत देशाच्या एकूण निर्यातमूल्यात एकट्या कापसाचा वाटा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक होता.

पण यंत्राला सगळे श्रेय देणे हा इतिहासलेखनातला आळस आहे. जिनला कापूस लागतो आणि कापसाला जमीन लागते. ही जमीन क्रीक, चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ आणि सेमिनोल या मूळ रहिवासी लोकांची होती. अँड्र्यू जॅक्सन यांनी १८१४ मध्ये फोर्ट जॅक्सनच्या तहाने क्रीकांकडून सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन घेतली. आजच्या अलाबामा राज्याचा मोठा भाग तीत येतो. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी १८३० चा स्थलांतर कायदा संमत करून घेतला आणि १८३८-३९ मध्ये चेरोकींना सैन्याच्या पहाऱ्यात मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्यात आले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसे मेल्याचा अंदाज आहे. मोकळी झालेली जमीन संघीय सरकार १८२० नंतर एकरी सव्वा डॉलर या किमान दराने विकत होते. लुइझियानाचा प्रदेश १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला मिळाला, तोही आयत्या वेळी. हैती या कॅरिबियन बेटावरील फ्रेंच वसाहतीतील गुलामांच्या क्रांतीने नेपोलियनचे अमेरिका खंडातील मनसुबे मोडले नसते, तर तो विकायला निघाला असता का, याची शंकाच आहे. एका बेटावरील गुलामांच्या विजयामुळे शेजारच्या देशात गुलामगिरीला नवा मुलूख मिळाला.

माणसांचा अंतर्गत व्यापार. १ जानेवारी १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आली. बंदीच्या आधीच्या चार वर्षांत दक्षिण कॅरोलायनाने बंदर पुन्हा उघडून हजारो गुलाम उतरवून घेतले. बंदीमागे नैतिक विरोध होता यात शंका नाही, पण तिचा फायदा व्हर्जिनिया व मेरिलंडच्या मालकांनाही झाला, कारण त्यांच्याकडे गुलाम जास्त होते आणि कापसाच्या नव्या मुलखात गिऱ्हाइके तयार होती. १७९० ते १८६० या काळात सुमारे १० लाख गुलाम जुन्या राज्यांतून अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना आणि टेक्सासकडे नेले गेले. काही मालकांबरोबर गेले, बाकीचे व्यापाऱ्यांनी विकत घेऊन नेले. साखळीने जखडलेले त्यांचे तांडे पायी चालवत नेत किंवा जहाजाने न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात पोचवत. १८२८ मध्ये अलेक्झांड्रियात स्थापन झालेली फ्रँक्लिन अँड आर्मफील्ड ही पेढी या धंद्यातील सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी एक होती. काँग्रेसच्या इमारतीपासून ती फार दूर नव्हती. या व्यापारात नवरा-बायको आणि आई-मुले यांची ताटातूट नेहमीची होती. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यताच नव्हती.

गुलाम हे मळेवाल्याचे सर्वांत सोयीचे तारणही होते. जमीन जागची हलत नाही, पण माणूस कोणत्याही बाजारात नेऊन विकता येतो. १८२७ मध्ये लुइझियानात मळेवाल्यांनी स्थापन केलेल्या बँकेत जमीन आणि गुलाम गहाण ठेवून भाग घेता येत. राज्याने हमी दिलेले तिचे कर्जरोखे लंडनच्या बेरिंग पेढीने युरोपात विकले. ज्यांनी कापसाचे बोंडही पाहिले नव्हते, अशा युरोपीय गुंतवणूकदारांचे व्याज अशा रीतीने मिसिसिपीकाठच्या माणसांच्या श्रमांतून निघू लागले. १८३७ च्या मंदीत कापसाचा भाव कोसळला आणि पतपुरवठ्याचा हा डोलारा ढासळला. मिसिसिपी राज्याने तर आपल्या रोख्यांची जबाबदारीच झटकली. कर्ज फेडता न आलेल्या मळेवाल्यांचे गुलाम लिलावात गेले.

उत्तरेचा वाटा. कापसाच्या गाठी लिव्हरपूलला जात, पण त्यांची दलाली, विमा, जहाजे आणि उसनवारी बऱ्याच अंशी न्यूयॉर्कच्या हातात होती. १८१४ मध्ये वॉल्थम येथे आणि १८२० च्या दशकात लोवेल येथे सुरू झालेल्या सूतगिरण्या दक्षिणेचा कापूस वापरत. ऱ्होड आयलंडच्या गिरण्या मळ्यांवरील गुलामांसाठी जाडेभरडे स्वस्त कापड विणत. मॅसॅचूसेट्सचे चार्ल्स सम्नर यांनी १८४८ मध्ये ‘चाबकाचे सरदार’ आणि ‘मागाचे सरदार’ यांच्या युतीवर टीका केली, ती याच व्यवहारांना उद्देशून.

अमेरिकी कापसावरील अवलंबित्व ब्रिटनलाही खुपत होते. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये अमेरिकेतून दहा मळेवाले हिंदुस्थानात आणले आणि त्यांतील काहींना मुंबई इलाख्यात प्रयोगासाठी नेमले. बहुतेक प्रयोग फसले. धारवाड भागात मात्र अमेरिकी बियाणे रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने तो कापूस मुंबईच्या बाजारात विकला जाऊ लागला.

वाढीविषयीचा वाद. गुलामगिरीमुळे अमेरिकेची किती भरभराट झाली, यावर अलीकडे अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. देशाच्या निम्म्या उत्पन्नामागे कापूस होता, असे म्हणणाऱ्यांनी एकच मूल्य दोनदा-तीनदा मोजल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. कच्च्या कापसाचा राष्ट्रीय उत्पन्नातील थेट वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास येतो. दुसरा मुद्दा वेचणीचा. १८०० ते १८६० दरम्यान एक गुलाम दिवसाला वेचत असलेला कापूस सुमारे चौपट झाला. संध्याकाळी कापूस वजन करून, कमी भरल्यास फटके, या पद्धतीमुळे हे घडले, असे एक पक्ष सांगतो. मेक्सिकोतील वाणापासून तयार झालेल्या, मोठ्या बोंडाच्या सुधारित बियाण्यांना दुसरा पक्ष श्रेय देतो. ही दोन कारणे परस्परांना छेद देत नाहीत. बियाणे सुधारले, पण वाढलेले पीक कोणाच्या हाताने आणि कोणत्या धाकाखाली वेचले जाई, हा प्रश्न उरतोच. मळ्यांची शेती किफायतशीर होती, यावर मात्र आता फारसा मतभेद नाही. दक्षिणेत शहरे, कारखाने आणि शाळा उत्तरेपेक्षा खूप कमी राहिल्या, कारण भांडवल माणसांच्या खरेदीत अडकत होते.

गुलामांचा प्रतिकार. काम संथ करणे, अवजारे मोडणे आणि पळून जाणे हे रोजचे मार्ग होते. रिचमंडजवळ गेब्रिएल (१८००), न्यू ऑर्लीन्सच्या वरच्या नदीकाठी (१८११) आणि चार्ल्सटनमध्ये डेन्मार्क व्हेसी (१८२२) यांचे कट वा उठाव चिरडले गेले. बोस्टनचा जुन्या कपड्यांचा व्यापारी डेव्हिड वॉकर याने १८२९ मध्ये काढलेले जहाल पत्रक खलाशांमार्फत दक्षिणी बंदरांत पोचू लागले, तेव्हा अनेक राज्यांनी कायदे कडक केले. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या उठावात ५० हून अधिक गोरे मारले गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या विधिमंडळात क्रमाक्रमाने मुक्ती देण्यावर उघड चर्चा झाली. प्रस्ताव फेटाळला गेला आणि दक्षिणेत असा विषय विधिमंडळात काढणे पुढे अशक्यच झाले.

पक्ष आणि मौन. मिसूरीला राज्याचा दर्जा देताना तेथे नवे गुलाम आणू नयेत, ही जेम्स टॉलमॅज यांची दुरुस्ती १८१९ मध्ये प्रतिनिधिगृहात संमत झाली, पण सिनेटमध्ये अडली. १८१९ च्या अखेरीस गुलाम राज्ये ११ आणि मुक्त राज्येही ११ होती. १८२० च्या तडजोडीने मिसूरी गुलाम राज्य आणि मेन मुक्त राज्य झाले. लुइझियानाच्या उरलेल्या प्रदेशात ३६°३०' अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी आली. वृद्ध जेफर्सन यांना हा वाद रात्री वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा वाटला.

ही घंटा पुन्हा वाजू नये, यासाठी न्यूयॉर्कचे मार्टिन व्हॅन ब्यूरन यांनी १८२७ मध्ये एक योजना मांडली. दक्षिणेचे मळेवाले आणि उत्तरेचे सामान्य मतदार यांना एका पक्षात बांधले, तर पक्षनिष्ठा प्रादेशिक द्वेषाला दाबून ठेवील, असा त्यांचा हिशेब होता. डेमोक्रॅटिक पक्ष या पायावर उभा राहिला. गुलामगिरीचा विषय राष्ट्रीय राजकारणात निघू न देणे ही त्याची अलिखित अट होती. १८३५ मध्ये चार्ल्सटनमध्ये टपालातून आलेली गुलामगिरीविरोधी पत्रके जमावाने जाळली आणि जॅक्सन सरकारने डोळेझाक केली. १८३६ मध्ये या विषयावरील अर्ज चर्चेविना बाजूला ठेवण्याचा नियम प्रतिनिधिगृहाने केला. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स आता मॅसॅचूसेट्सचे साधे प्रतिनिधी होते. ते असे अर्ज चिकाटीने मांडत राहिले आणि १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला. सिनेटमध्ये दक्षिण कॅरोलायनाचे जॉन कॅलहून यांनी तोवर गुलामगिरी हे नाइलाजाचे संकट नसून ‘निखळ हित’ आहे, अशी भूमिका १८३७ मध्ये घेतली होती. आयातकराच्या प्रश्नावर १८३२-३३ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने संघीय कायदा झुगारला, त्यामागेही उद्या हेच सरकार गुलामगिरीला हात घालील ही धास्ती होती.

मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरी नसावी, ही डेव्हिड विल्मट यांची दुरुस्ती १८४६ मध्ये प्रतिनिधिगृहात आली, तेव्हा मतदान पक्षांनुसार न होता प्रदेशांनुसार झाले. सिनेटने ती मान्य केली नाही. १८४८ च्या निवडणुकीत गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाने आपला उमेदवार म्हणून मार्टिन व्हॅन ब्यूरन यांनाच उभे केले. त्यांना सुमारे दहा टक्के मते मिळाली. निवडून आले झॅकरी टेलर, ज्यांच्या मालकीचे शंभराहून अधिक गुलाम होते.