स्थानिक व्यापारी संघटना

एकाच बाजारपेठेतील, रस्त्यावरील किंवा गावातील दुकानदार, कारागीर व लहानमोठे व्यावसायिक यांनी सामाईक हितासाठी उभारलेली संस्था. वर्गणी, निवडून दिलेले पदाधिकारी, ठरावीक बैठका आणि वार्षिक सर्वसाधारण सभा असा तिचा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. प्रशासनाला निवेदने देणे, बाजारातील दिवाबत्ती व स्वच्छतेचा पाठपुरावा करणे, आपसातले तंटे मिटवणे ही तिची नेहमीची कामे होत. पण माणसांच्या ओळखी करून देणे हे तिचे सर्वांत मोलाचे काम आहे आणि इतिवृत्तात त्याची नोंद सहसा होत नाही.

ही परंपरा जुनी आहे. प्राचीन भारतात अशा संघांना श्रेणी म्हणत. मध्य प्रदेशातील मंदसौर येथील पाचव्या शतकातील शिलालेखात लाट देशातून (आजच्या दक्षिण गुजरातेतून) दशपुरास, म्हणजे मंदसौरासच, येऊन स्थायिक झालेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीची हकीकत आहे. नव्या गावी काहींनी विणकाम चालू ठेवले, तर काही धनुर्विद्येकडे, काही ज्योतिषाकडे वळले. तरीही श्रेणीने मिळून सूर्यमंदिर बांधले आणि पुढे त्याची पडझड झाल्यावर इ. स. ४७३ च्या सुमारास जीर्णोद्धारही केला. धंदा सुटला तरी धंद्यातून जुळलेले नाते सुटत नाही, याचा इतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. युरोपात मध्ययुगीन गिल्डांनंतर, म्हणजे व्यापारी व कारागिरांच्या संघांनंतर, १५९९ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. ते जगातील सर्वांत जुने मानले जाते.

या ओळखींचा उपयोग नेमका कसा होतो, याचे एक उत्तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले. जिवलग मित्रांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. नवी माहिती येते ती जुजबी ओळखीच्या माणसांकडून. संघटनेच्या बैठकीत औषधविक्रेता, छापखानेवाला, हिशेबनीस आणि सुतार शेजारी बसतात. एरवी त्यांची गाठ पडण्याचे कारण नसते. बैठक सुरू होण्याआधीचा आणि संपल्यानंतरचा वेळ म्हणूनच महत्त्वाचा. नव्याने गाळा घेतलेला माणूस भाडेकराराचा कागद पुढे करतो आणि त्याच रस्त्यावर उभी हयात घालवलेला दुकानदार अडचणीच्या कलमावर बोट ठेवतो. भरवशाचा घाऊक व्यापारी कोण, कामाला माणूस कुठे मिळेल, कोणाचे देणे थकले आहे, हे सारे तिथेच कळते. पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसाला शब्द देऊन फिरवणे अवघड जाते, त्यामुळे उधारीचे व्यवहारही सुरळीत चालतात. आग लागली किंवा पूर आला तर कोणाचे गोदाम रिकामे आहे, कोणाकडे वाहन आहे, हे आधीच माहीत असल्याने मदत लवकर पोचते. तिचा लाभ ग्राहकांना आणि आसपासच्या रहिवाशांनाही होतो.

वर्गणी मात्र सगळेच भरत नाहीत. चार जणांच्या खर्चाने उजळलेल्या रस्त्याचा फायदा सगळ्यांनाच मिळतो. कॅनडातील टोरांटो शहरात ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील व्यापाऱ्यांनी यावर तोडगा काढला. भुयारी रेल्वे आणि नव्या मॉलमुळे तिथली वर्दळ ओसरली होती. १९७० मध्ये कायद्याचा आधार घेऊन त्या हद्दीतील प्रत्येक व्यवसायावर आकारणी बसवण्यात आली. महापालिकेने ती वसूल करायची आणि संघटनेने परिसर सुधारण्यावर खर्च करायची, अशी ही व्यवस्था होती. पुढे ती अनेक देशांनी उचलली.

जवळिकीचे धोकेही आहेत. एका धंद्यातले लोक एकत्र आले की बोलणे भाववाढीच्या संगनमतावर येते, असा इशारा अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच दिला होता, आणि अनेक देशांतील स्पर्धा कायदे असे संगनमत बेकायदा ठरवतात. त्याहून कमी दिसणारा दोष म्हणजे बंद दार. जुनी घराणी पदे सोडत नाहीत, बैठकीची वेळ लहान मुले असलेल्या स्त्रियांना जमत नाही, फेरीवाले आणि घरून व्यवसाय करणारे सदस्यत्वाच्या नियमातच बसत नाहीत. ज्यांना ओळखींची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच अशा वेळी बाहेर राहतात. पदांना मुदतीची मर्यादा, उत्पन्नाप्रमाणे वर्गणी आणि बैठकांच्या बदलत्या वेळा हे त्यावरचे साधे उपाय आहेत.