'परवानगी घेतलीय' म्हणजे कागद कुठाय?
(चित्रपट-अनुदानाचे अर्ज आमच्याकडून करून घेणाऱ्यांसाठी)

भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, 2004 पासून गोव्यात आहे आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटवाले आणि पैसेवाले भेटतात तो मेळा, 2007 पासून. त्यामुळे दर नोव्हेंबरात पणजीत कुणीतरी कुणालातरी कॉफी पिता पिता सांगतो, "बाहेर फंड असतात, अर्ज कर," आणि डिसेंबरात ती मंडळी फोंड्याला आमचा जिना चढतात. या, जरूर या. फक्त येण्याआधी हे दोन कागद वाचा. तेच ते सांगून आमचा घसा बसतो आणि तुमची मुदत जाते.

अनुदान आख्ख्या चित्रपटाला क्वचितच मिळतं. ते टप्प्याला मिळतं: लेखन, चित्रीकरण किंवा चित्रीकरणानंतरचं काम. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम चित्रपट महोत्सवाचा हबर्ट बाल्स फंड 1988 पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना मदत करतो. त्याचं पटकथा-विकासाचं अनुदान 10,000 युरोंचं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला (2014) याच फंडाचा हात लागला होता, म्हणजे मराठी आणि न्यायाच्या विषयाला तिथे दार बंद नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एसएफफिल्म-रेनिन अनुदानाबद्दलही सारखं विचारतात. ते सामाजिक प्रश्नांवरच्या कथापटांना मिळतं हे खरं, 'फ्रूटवेल स्टेशन'ला (2013) मिळालंही होतं. पण तिथे त्या परिसरातल्या चित्रपटसृष्टीशी तुमचं नातं काय, याला वजन आहे. म्हणून इथल्या माणसाला आम्ही आधी रॉटरडॅमचा रस्ता दाखवतो. परदेशी पैसा घेताना 2010 चा परकीय योगदान कायदा तुम्हाला लागू होतो की नाही, हे अर्जाआधी सीएला विचारा. ते आमचं काम नाही.

आता मुद्द्याचं. अर्जात एक प्रश्न हमखास असतो: गोष्ट मूळ कुणाची, आणि ती तुमच्याकडे कशी आली? याला, म्हणजे हक्क मूळ लेखकापासून तुमच्यापर्यंत कसा आला याच्या कागदांच्या साखळीला, फंडवाले 'चेन ऑफ टायटल' म्हणतात. आपण गोव्यात प्लॉट घेताना एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कुणाची ते सांगणारा सरकारी कागद, बघितल्याशिवाय सही करत नाही ना? तसंच हे. पण गोष्टीच्या बाबतीत आपल्याकडे उत्तर ठरलेलं: "परवानगी घेतलीय हो, ते आमचेच."

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मुलगा चांगली पटकथा घेऊन आला. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) घर, भाटकाराचा (जमीनमालकाचा) नातू, आणि मामलेदाराकडे वर्षानुवर्षं पडलेला अर्ज. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून वाचवणारा 1975 चा मुंडकार कायदा त्याने भाषण न करता गोष्टीत मुरवला होता. मूळ नाटक गावातल्या एका मास्तरांचं, जत्रेला बसवलेलं. मास्तर 1994 साली गेले. आम्ही विचारलं, हक्कांचे कागद? त्याने मोबाईल पुढे केला. मास्तरांच्या धाकट्या मुलाने लिस्बनहून मेसेजमध्ये होकाराचं, वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं. बस, एवढंच. थोरली मुलगी फोंड्यातच, तिला विचारलंच नव्हतं. मधला मुंबईला, आणि दोघा भावांत बोलणं बंद. मुदत संपायला चार दिवस. अर्जांची ती फेरी गेली. पुढच्या फेरीपर्यंत आम्हीच त्या तिघांच्या मागे धावत होतो. धावण्याचे पैसे आम्ही लावले नाहीत, पण आता लावणार.

कॉपीराइटचा कायदा साधा आहे. लेखक गेल्यानंतरही, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो. मास्तरांचं नाटक 2054 अखेरपर्यंत त्यांच्या मुलांचं. हक्क लिहून द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. अंगठ्याचं चित्र ही सही नव्हे. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत बहुतेक वेळा समाईक असते, म्हणून आमचे वकील वारसांच्या जोडीदारांच्याही सह्या घ्यायला सांगतात. सुनेला सहीला बसवायचं म्हटलं की घराघरांत काय होतं ते आम्ही बघितलंय. तरी घ्या.

आणि कागद आहे म्हणूनही खुशीत राहू नका. नोटरीकडून घाईत करून आणलेल्या करारात तीन जागा कोऱ्या राहतात आणि तिन्ही महागात पडतात. मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणजे रॉटरडॅमला दाखवायचा चित्रपट कागदावर गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून फार तर भारतभर फिरणार, पुढे नाही! तिसरी जागा कुणाच्याच लक्षात येत नाही: करारात वेगळं लिहिलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास तो आपोआप मूळ मालकाकडे परत जातो. तुमची पटकथाच वर्षभर चालते, पैसे जमायला आणखी दोन-तीन. तेव्हा मुदत, प्रदेश आणि 'वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क राहील' हे वाक्य, तिन्ही करारात हवीतच.

"आत्ताच एवढे पैसे कुठून देऊ?" असं विचाराल. द्यायचे नाहीत. ऑप्शन करार करा: आज थोडी रक्कम, ठरलेल्या काळात चित्रपट उभा राहिला तर उरलेली. वारसांनाही हे पटतं, कारण नाटक कुणी पळवून नेतंय असं वाटत नाही.

वर्तमानपत्रातल्या बातमीवरून गोष्ट रचली असेल तर एवढा घोळ नाही. घटनेवर कुणाचा हक्क नसतो, बातमीच्या मजकुरावर असतो. पण ज्या बाईची जमीन गेली ती हयात असेल आणि पडद्यावर ओळखू येणार असेल, तर तिच्याकडे जा, पटकथा वाचून दाखवा, लेखी संमती घ्या. अन्यायावर चित्रपट काढून तिलाच न विचारणं बरं दिसत नाही, आणि फंडवाले हे विचारतातच.

आमच्यावर दोन तक्रारी असतात. पहिली, मुदतीच्या शेवटच्या पंधरा दिवसांत आम्ही नवी फाईल घेत नाही. नाहीच घेत. इंग्रजी भाषांतर एका रात्रीत होतं, वारसाची सही होत नाही. दुसरी, "अनुदान मिळालं की दहा टक्के घ्या" हे आम्हाला चालत नाही. ते पैसे कशावर खर्चायचे हे बजेटमध्ये आधी ठरलेलं असतं, त्यात आमचे दहा टक्के कुठल्या ओळीत लिहिणार? ठरलेली फी, अर्धी आधी, अर्धी अर्ज गेल्यावर. यात सारांश, दिग्दर्शकाचं निवेदन, बजेट, मराठी-कोकणीतून भाषांतर आणि हक्कांच्या कागदांची तपासणी सगळं आलं. नाटकांच्या वह्या टाईप करत हे दुकान सुरू झालं, त्यामुळे जत्रेच्या नाटकाची जीर्ण वही आणलीत तरी ती सांभाळून उतरवून देऊ.

पहिली तासाभराची बैठक फुकट. येताना पटकथा नसली तरी चालेल, पण मूळ गोष्ट कुणाची आणि त्यांच्या घरात आज कोण कोण आहे, ती नावं एका कागदावर लिहून आणा. लग्न झालेल्या मुलींचीही.