टिम्ब्ज स्पेशल : एका शर्यत-अभियंत्याची प्रवाहरेखित मोटार

टिम्ब्ज स्पेशल ही अमेरिकन यंत्र-अभियंते नॉर्मन टिम्ब्ज यांनी स्वतःसाठी घडवलेली, थेंबाच्या आकाराची प्रवाहरेखित (हवा अंगावरून सहज सरकेल अशी) दोन आसनी उघडी मोटार. 1948 साली कॅलिफोर्नियात ती पूर्ण झाली. आत ब्युइकचे एका ओळीत आठ सिलिंडर असलेले इंजिन असल्यामुळे तिला ‘ब्युइक स्ट्रीमलायनर’ असेही म्हणतात. अशी गाडी एकच बनली. छायाचित्रांतले तिचे रूप इतके देखणे आहे की तिच्याबद्दल बहुतेक वेळा फक्त सौंदर्याचेच बोलले जाते. खरे तर तिच्याकडे टिम्ब्ज यांच्याच दुसऱ्या कामाच्या शेजारी ठेवून पाहायला हवे. ते काम म्हणजे ‘ब्लू क्राउन स्पार्क प्लग स्पेशल’ या शर्यतीच्या गाड्या. दोन्ही ठिकाणी त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : चालकाच्या बुडाखालून जाणारा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची गती चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा, घालवायचा कसा?

त्या काळच्या मोटारीत इंजिन पुढे असे आणि चाके फिरत मागची. मधला लांब शाफ्ट चालकाच्या खालून जाई, म्हणून आसन उंच, आसन उंच म्हणून सबंध गाडी उंच. उंच गाडी वळणावर जास्त कलते आणि हवेला छातीही जास्त देते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किमी. वरून 120 किमी. वर गेले की विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. गाडी बोटभर जरी खाली आली तरी शर्यतवाल्यांना ती कमाई वाटते, त्याचे कारण हे.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत हे या गणिताचे कठोर परीक्षागृह : अडीच मैलांच्या 200 फेऱ्या, म्हणजे सुमारे 805 किमी. स्वतः शर्यतपटू राहिलेले संघमालक लू मूर यांच्यासाठी टिम्ब्ज यांनी ब्लू क्राउनची आखणी केली. शाफ्टच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर होते पुढच्या चाकांना गती देण्याचे. ही कल्पना त्यांची नव्हे. शर्यतीच्या गाड्या घडवणारे हॅरी मिलर यांनी 1920 च्या दशकातच ती इंडियानापोलिसला आणली होती. टिम्ब्ज यांनी ती लांब पल्ल्याच्या शर्यतीला साजेशी केली. मागच्या चाकांकडे गती न्यायचीच नसल्याने चालक जवळजवळ जमिनीलगत बसला. इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे 4.4 लिटरचे, ऑफेनहाऊझर नावाचे. मिलर यांच्याच परंपरेतले आणि सगळ्यांच्या परिचयाचे. इतर संघ मिथेनॉलवर, म्हणजे एका प्रकारच्या अल्कोहोलवर, गाड्या पळवत. त्याने ताकद मिळते, पण टाकी लवकर रिकामी होते. मूर यांनी पेट्रोल वापरले, त्यामुळे इंधनासाठीचे थांबे कमी झाले. शर्यत केवळ धावपट्टीवर नव्हे, तर थांब्यावरही जिंकली जाते, हे या संघाने पुरते ओळखले होते.

निकाल सलग तीन वर्षे बोलला. 1947 मध्ये मॉरी रोझ (सरासरी ताशी 187 किमी.), 1948 मध्ये पुन्हा रोझ (193 किमी.) आणि 1949 मध्ये बिल हॉलंड (195 किमी.) या गाड्यांतून जिंकले. पहिल्या दोन्ही वर्षी दुसरा क्रमांकही हॉलंड यांच्या ब्लू क्राउनचाच. 1947 चा किस्सा आजही सांगितला जातो. शेवटच्या टप्प्यात दोन्ही गाड्या पुढे असताना मूर यांनी ‘ईझी’, म्हणजे सांभाळून चला, अशी पाटी दाखवली. आघाडीवरच्या हॉलंड यांनी वेग कमी केला, रोझ यांनी नाही. रोझ बाजूने पुढे गेले तेव्हा ते एक फेरी मागे आहेत असे समजून हॉलंड यांनी त्यांना हातही केला. आपण दुसरे आलो हे त्यांना शर्यत संपल्यावर कळले. दोन वर्षांनी रोझ यांनी तोच डाव पुन्हा टाकला, पण मॅग्नेटोचा (इंजिनात ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या यंत्राचा) पट्टा तुटून गाडी बंद पडली आणि मूर यांनी त्यांना संघातून काढून टाकले.

याच वर्षांत टिम्ब्ज स्वतःची गाडी घडवत होते. त्यांच्या मनात 1930 च्या दशकातल्या जर्मन शर्यत-गाड्या होत्या. 1937 साली बर्लिनच्या आव्हुस पट्ट्यावर मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोघांनी सर्वांग झाकलेल्या प्रवाहरेखित गाड्या उतरवल्या होत्या. हेर्मान लांग यांनी ती शर्यत ताशी 261 किमी. सरासरीने जिंकली. ऑटो युनियनचे इंजिन तर चालकाच्या पाठीमागे असे.

टिम्ब्ज यांनी आधी मातीचा एक चतुर्थांश मापाचा नमुना केला, मग त्यावरून पूर्ण मापाचा लाकडी साचा. सांगाडा पोलादी नळ्यांचा. ॲल्युमिनियमचा पत्रा एमिल डाइट यांनी हाताने ठोकून आकाराला आणला; ब्लू क्राउनच्या गाड्या बांधणारे कारागीरही तेच. पत्र्याच्या कामालाच 8,000 डॉलर लागले, असे नोंदवले आहे. तेवढ्यात त्या काळी तीन नव्या ब्युइक आल्या असत्या. लांबी सुमारे 5.3 मीटर, उंची जेमतेम 1.2 मीटर. दारे नाहीत, कडेवरून पाय टाकूनच आत उतरायचे.

इंजिन आसनांच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे. म्हणजे शाफ्ट पुन्हा चालकाखालून हटलाच, पण या वेळी उलट्या वाटेने : शर्यतीच्या गाडीत गती इंजिनाजवळच्या चाकांना दिली, घरच्या गाडीत इंजिनच गती घेणाऱ्या चाकांजवळ नेले. त्यामुळे पुढचा भाग बुटका ठेवता आला आणि मागे लांब, निमुळती शेपटी मिळाली. हवेच्या दृष्टीने ही शेपटीच मोलाची. टोकदार नाक हवा कापते असे अनेकांना वाटते, पण खरी खेच मागे तयार होते. पृष्ठभाग एकदम संपला की हवा सुटून भोवरे होतात आणि कमी दाबाचा तो पोकळ भाग गाडीला मागे ओढतो. तेवढ्याच जाडीच्या चेंडूपेक्षा थेंबाच्या आकाराला होणारा विरोध सुमारे दहावा भाग असतो. मात्र टिम्ब्ज यांच्या गाडीला छत नाही. आसनांच्या खोबणीवर हवा विस्कटणारच, त्यामुळे तिला शुद्ध थेंब म्हणता येणार नाही. इंजिनापर्यंत पोचायला शेपटीचा सबंध पत्रा एकसंध वर उचलला जाई. झाकणाची एकही फट त्या पाठीवर दिसू नये यासाठी हा खटाटोप, आणि माझ्या मते गाडीतला सर्वांत धाडसी निर्णय तोच.

ऑक्टोबर 1949 मध्ये ‘मोटर ट्रेंड’ या नव्या मासिकाच्या दुसऱ्याच अंकाच्या मुखपृष्ठावर ही गाडी झळकली. 1952 मध्ये ती हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याने घेतली आणि पांढरी रंगवली. नंतर कॅलिफोर्नियाच्या उन्हात ती वर्षानुवर्षे उघड्यावर पडून होती. 2002 च्या लिलावात ती 17,600 डॉलरना गेली, कोलोरॅडोत तिची डागडुजी झाली आणि 2010 मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. नोव्हेंबर 2018 मध्ये मालिबूकडे झेपावलेल्या वूल्सी वणव्यात ती होरपळली.

इंडियानापोलिसने शाफ्टचा प्रश्न पुढे दोन वेळा नव्याने सोडवला. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचा जोर वेग वाढवताना कमी पडे, कारण भार मागे सरकतो; शिवाय पुढचे टायर लवकर झिजत. 1952 मध्ये शर्यतीच्या गाड्या बांधणारे फ्रँक कर्टिस यांनी इंजिन एका बाजूला सरकवून शाफ्ट चालकाच्या शेजारून नेला, आणि बिल वुकोविच यांनी 1953 व 1954 च्या शर्यती अशाच गाडीतून जिंकल्या. 1965 साली जिम क्लार्क यांची लोटस ताशी 242 किमी. सरासरीने पहिली आली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे होते.