पहाटे पळणारं नेट रात्री का बसतं?

गावाकडचं नेट दिवसभर सारखंच स्लो नसतं. पहाटे चारला मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली तर आकडा वीस-पंचवीस एमबीपीएसपर्यंत जातो. तोच मोबाइल त्याच ओसरीवर रात्री नऊला सातबारा उघडायलाही रखडतो. मोबाइल बदललेला नसतो, टॉवरही जागचा हललेला नसतो. मग मधल्या वेळात काय झालं? गावाचं नेट कशानं सुधारेल ते या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. ‘नेट स्लो आहे’ या एका तक्रारीमागे तीन-चार निरनिराळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कारण न ओळखता खर्च केला की पैसे जातात आणि नेट होतं तिथंच राहतं.

स्लो म्हणजे किती, हे आधी पाहू. भारतात २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस झाली. एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट आणि आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे २ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट. ही मर्यादा फक्त डाउनलोडची आहे. शेतकऱ्याला ई-पीक पाहणीसाठी पिकाचा फोटो वर चढवायचा असतो, रेशन दुकानातल्या पॉस मशीनला अंगठ्याची नोंद वर पाठवायची असते. अपलोड किती असावं, याबद्दल व्याख्या काहीच सांगत नाही.

आणि रेंजच्या कडेला पहिल्यांदा मरतं ते अपलोडच. टॉवरचा अँटेना वीस-चाळीस वॉटनं बोलतो, आपला मोबाइल जास्तीत जास्त ०.२ वॉटनं. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं टॉवरला ऐकू जात नाही. म्हणून शेताच्या बांधावर उभं राहून व्हिडिओ कसाबसा दिसतो, पण चार मेगाबाइटचा फोटो काही केल्या जात नाही. रेंजच्या काड्या दाखवतात त्या टॉवरच्या आवाजाच्या. आपला आवाज तिकडे किती पोहोचतो ते त्यांच्यावरून कळत नाही.

आता मूळ हिशेबाकडे वळू. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञानं दाखवून दिलं की कोणत्याही मार्गावरून सेकंदाला किती माहिती जाऊ शकते हे दोनच गोष्टींवर ठरतं: लहरींचा किती रुंद पट्टा मिळाला आहे, आणि संदेश गोंगाटापेक्षा किती पट मोठा आहे. पट्टा दुप्पट केला की वेग दुप्पट. संदेशाच्या ताकदीचं मात्र तसं नाही. पट्ट्याची रुंदी हर्ट्झमध्ये मोजतात. संदेश गोंगाटाइतकाच असेल तर दर हर्ट्झमागे सेकंदाला १ बिट जातो. संदेश दहापट केला तर साडेतीन बिट, शंभरपट केला तर सुमारे पावणेसात. म्हणजे ताकद पहिल्यांदा दहापट केली तेव्हा वेग साडेतीनपट झाला, आणि पुन्हा दहापट केली तेव्हा जेमतेम दुप्पट. रेंजच्या कडेला असलेल्या घराला थोडासा जास्त संदेश मिळाला तरी फार फरक पडतो. टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या घराला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. त्याला पट्टाच वाढवून हवा.

ग्रामीण टॉवरला सहसा तीन दिशांना तीन सेक्टर असतात. एका सेक्टरला १० मेगाहर्ट्झचा एकच फोरजी पट्टा असेल, तर जवळचे-लांबचे सगळे मोबाइल धरून सरासरीनं पंधरा-वीस एमबीपीएस मिळतात. एकट्याला नव्हे, त्या दिशेच्या सगळ्या वाड्यांना मिळून. साधा व्हिडिओ एक-दीड एमबीपीएस खातो. रात्री जेवणं आटोपल्यावर पंधरा जणांनी मोबाइल उघडला की सेक्टर भरला. पहाटे चारला तो रिकामा असतो, म्हणून नेट पळतं. पहाट आणि रात्र यांत असा फरक पडत असेल तर रेंजला दोष देऊ नका. तिथं वाटणी कमी पडते आहे.

या वाटणीत एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जांभ्याच्या जाड भिंतींआड, पत्र्याच्या छपराखाली बसलेल्या मोबाइलला तेवढीच माहिती पोहोचवायला टॉवरला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ बाकीच्यांच्या वाट्यातून जातो. एकाची दुबळी रेंज अशी सगळ्यांचं नेट हळू करते. म्हणून कडेच्या घरांनी छपरावर, टॉवरकडे तोंड करून, बाहेरचा अँटेना असलेला फोरजी किंवा फाइव्हजी राउटर बसवला तर फायदा त्या घराचा होतोच, शिवाय अख्ख्या वाडीचा होतो. माझ्या मते गावपातळीवर करता येण्यासारखा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. बाजारात ‘नेटवर्क बूस्टर’ म्हणून मिळणारे डबे मात्र घेऊ नयेत. परवानगीशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि ते संदेशाबरोबर गोंगाटही वाढवून आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडवतात.

लहर कोणती, यावरही बरंच अवलंबून असतं. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब, ३,५०० मेगाहर्ट्झची साडेआठ सेंटीमीटर. लांब लहर डोंगराच्या धारेवरून थोडी वळून पलीकडे उतरते, आमराई आणि काजूच्या झाडीतून बरी निघते. आखूड लहर तिथं अडते. एकाच तऱ्हेच्या अँटेनानं मोकळ्या आभाळात पाठवली तरी ३,५०० ची लहर ७०० च्या मानानं पंचविसाव्या हिश्श्यानंच पोहोचते. पण शहरातल्या फाइव्हजीचा वेग येतो तो या आखूड लहरींच्या रुंद पट्ट्यातून, तर ७०० मध्ये कंपनीकडे सहसा पाच-दहा मेगाहर्ट्झच असतात. दूर जाणारी लहर अरुंद आणि रुंद असलेली जवळची, हे निसर्गाचं बंधन आहे. ‘फाइव्हजी आलं’ म्हणून सह्याद्रीच्या घाटाखालच्या वाडीला पुण्यासारखा वेग मिळत नाही, त्याचं कारण हेच.

पहाटेही नेट रडत असेल आणि रेंज पूर्ण असेल, तर अडचण टॉवरच्या पाठीमागे आहे. मोबाइल ते टॉवर हा शेवटचा तुकडा आपल्याला दिसतो. टॉवरला जगाशी जोडणारा मधला तुकडा दिसत नाही, आणि ग्रामीण भागात खरी गोची बहुतेक वेळा तिथंच होते. अनेक टॉवरांना अजून फायबर नाही. डोंगरावरच्या एका टॉवरवरून दुसऱ्यावर थाळीच्या आकाराच्या अँटेनांनी मायक्रोवेव्ह संदेश उडवत नेला जातो. एका टॉवरामागे दुसरा, त्यामागे तिसरा, आणि सगळ्यांचा भार पहिल्या टप्प्यावर. भर पावसात त्यात आणखी भर पडते. १५ गिगाहर्ट्झची लहर दोन सेंटीमीटरची, ८० गिगाहर्ट्झची जेमतेम पावणेचार मिलिमीटरची. पावसाचा मोठा थेंबही तेवढाच असतो, आणि थेंब व लहर एकाच मापाची झाली की थेंब लहरीला विखरून टाकतात. कोकणात आषाढात नेट जातं त्याला वीज जशी कारण असते, तसं हेही असतं.

या सगळ्यावरचा पक्का उपाय फायबर आहे, याबद्दल तज्ज्ञांत फारसा वाद नाही. तांब्याच्या तारेवर चालणारं जुनं टेलिफोन ब्रॉडबँड एक्स्चेंजच्या शेजारी कागदावर २४ एमबीपीएस देई आणि पाच किलोमीटरवर एक-दोन एमबीपीएसवर येई, कारण तांब्यात वरच्या वारंवारितेचे संदेश अंतरागणिक झपाट्यानं विरतात. काचेच्या तंतूत प्रकाश दर किलोमीटरला ०.२ डेसिबेल इतकाच घटतो. पन्नास किलोमीटरनंतरही दहावा हिस्सा शिल्लक, आणि तेवढा पुरेसा. घरोघरी फायबर द्यायच्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवरचे सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, म्हणजे २,५०० एमबीपीएस, काचेच्याच एका विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांना वाटले जातात. सगळ्यांनी एकाच क्षणी नेट ओढलं तरी ३२ घरांत प्रत्येकी ७५ एमबीपीएसच्या वर पडतात. त्या विभाजकाला वीज लागत नाही. भारनियमनाच्या गावात ही गोष्ट वेगाइतकीच मोलाची आहे.

मग अडलं कुठं? ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना केंद्रानं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, असं ठरलं होतं. आज दोन लाखांहून जास्त ग्रामपंचायती ‘सेवेस सज्ज’ म्हणून नोंदल्या आहेत, पण त्या मानानं त्या फायबरवर चालणारी घरं फार थोडी आहेत. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंत एकेरी ओळीनं केबल टाकली गेली. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला वर कुठंही फाटा फुटला की पाणी मिळत नाही, तसं शेवटच्या ग्रामपंचायतीचं झालं. रस्ता रुंद करताना जेसीबीनं एकदा केबल तोडली की पुढची सगळी गावं बंद. केबल खांबांवरून नेली तर वादळ आहेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं रायगड-रत्नागिरीत वीज आणि फोन दोन्ही एकदम गेले.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये (खर्च सुमारे १.३९ लाख कोटी रुपये) म्हणूनच ओळ सोडून वेढा घ्यायचं ठरलं. तालुक्यापासून निघालेली केबल गावागावांतून फिरून परत तालुक्याला येते. एका बाजूनं तुटली तर माहिती दुसऱ्या बाजूनं फिरून पोहोचते. दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी द्यायचंही त्यात आहे. या योजनेचं यशापयश मी किती किलोमीटर केबल पुरली यावरून मोजणार नाही. किती वेढे पूर्ण झाले आणि तुटलेली केबल किती तासांत जोडली गेली, हे पाहायला हवं.

फायबर ग्रामपंचायतीच्या खोलीपर्यंत आलं आणि वाड्या तीन-चार किलोमीटरवर विखुरल्या आहेत, अशी स्थिती सह्याद्रीत आणि सातपुड्यात सर्रास असते. तिथं शेवटचा टप्पा हवेतून न्यावा. ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झ इतका रुंद पट्टा २०१८ पासून परवान्याशिवाय खुला आहे. सड्यावरून समोरची वाडी नजरेस पडत असेल तर दोन छोट्या अँटेनांनी शंभर एमबीपीएस सहज पलीकडे जातात. हिमाचलात धरमशालेच्या डोंगरांत अशी जाळी कित्येक वर्षं चालू आहेत. मधे झाडी किंवा उंचवटा आला की मात्र ही लहर अडते. त्यावर आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी टीव्हीसाठी राखलेला ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासला. देशात जवळजवळ सगळीकडे त्यातल्या १५ पैकी किमान १२ वाहिन्या वापराविना पडून होत्या. पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात त्यांनी या लहरींवर आसपासची गावं जोडून दाखवली. इतकं घडूनही तो पट्टा खेड्यांसाठी विनापरवाना खुला झाला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपग्रहाबद्दल आशा फार आहेत, म्हणून त्याचाही हिशेब मांडतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. मागणी वर-खाली आणि उत्तर वर-खाली अशा चार फेऱ्यांत प्रकाशालाही जवळपास अर्धा सेकंद लागतो, व्हिडिओ कॉलवर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेल्या आपल्या जीसॅट-एन२ या भूस्थिर उपग्रहाची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. प्रत्येकाला २ एमबीपीएस द्यायचे तर एका वेळी २४ हजार जण, तेही अख्ख्या देशात. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे त्यांचा उशीर जाणवत नाही. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला, आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिमसाठी कंपनीशी इरादापत्र केलं. भामरागडमधल्या किंवा अक्राणीतल्या एकट्या पाड्यावरच्या आश्रमशाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला याहून चांगला मार्ग आज नाही. पण उपग्रहाचा झोतही वाटूनच घ्यावा लागतो. पाचशे उंबऱ्यांच्या गावानं त्याच्यावर विसंबू नये, त्या गावानं फायबरच मागावं.

आपल्या गावाची अडचण कुठं आहे ते घरबसल्या बरंच कळतं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीखाली डीबीएमचा, म्हणजे मिळणाऱ्या संदेशाच्या ताकदीचा, उणे आकडा दिसतो. उणे ८०-९० असेल तर रेंज चांगली, उणे ११० च्या खाली गेला तर कडेला आहात. दर १० ला ताकद दहापट बदलते. एक आठवडा पहाटे, दुपारी आणि रात्री डाउनलोड व अपलोड लिहून ठेवा, आणि टॉवरजवळच्या एखाद्या घरालाही तेच करायला सांगा. आकडा सतत उणे ११० च्या आसपास असेल तर छपरावर अँटेना. रेंज चांगली पण रात्री वेग गळत असेल तर कंपनीकडे जादा पट्ट्याची मागणी. टॉवरच्या पायथ्याशीही पहाटे वेग नसेल तर टॉवरला फायबर हवं. अशा नोंदींसह केलेली तक्रार ‘नेट चालत नाही’ या तक्रारीपेक्षा झटकून टाकायला अवघड जाते.

फायबर तुटल्याची तक्रार असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. तुटलेल्या तंतूत प्रकाशाचा स्पंद सोडून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजणारं ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वीस किलोमीटरवर तुटलं असेल तर प्रतिध्वनी २०० मायक्रोसेकंदांत परत येतो, आणि तुटल्याची जागा काही मीटरच्या फरकानं कळते. म्हणजे जागा शोधायला काही मिनिटं लागतात. बाकीचे दिवस जातात ते तंतू जोडायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस तालुक्याला उपलब्ध नसल्यामुळे. आपल्या तालुक्यात ही जोडी कुठं बसते, आणि आपली ग्रामपंचायत वेढ्यात आली आहे की अजून ओळीच्या शेवटी आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.