सातच्या भोंग्याची पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. ही बातमी देशाबाहेरही गेली आणि बहुतेकांनी ती एका शहाण्या गावाचं कौतुक म्हणून सांगितली. यंत्राशी अशी घासाघीस मात्र या मुलखाला नवी नाही.

किर्लोस्करवाडी शेजारच्याच पलूस तालुक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना आणला. त्याआधी बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवले तेव्हा गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. समजूत चुकीची खरी, पण तिला निव्वळ अडाणीपणा म्हणवत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. लोखंडी नांगर मोडला तर रोख पैसे मोजा आणि कारखान्याची वाट बघा. पुढे नांगर खपले, भरपूर खपले, आणि बलुत्याची घडी विस्कटत गेली.

याच सुमारास, नोव्हेंबर 1909 मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना गांधीजींनी बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. रेल्वे, वकील, डॉक्टर, गिरण्या, सगळ्यांवर त्यात कोरडे ओढले आहेत. ते लिहिलं आगबोटीवर आणि पसरलं छापखान्यातून, हा टोमणा तेव्हापासून मारला जातो. गांधीजींची भूमिका तेवढीच असती तर विषय तिथेच संपला असता. पण 1924 मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केलं. आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असं ते म्हणाले. 1929 मध्ये तर अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी 1 लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत 150 रुपयांच्या आत, 20 वर्षं टिकला पाहिजे, आणि खेड्यातल्या बाईला झोपडीत बसून, फार न दमता, 8 तास चालवता आला पाहिजे. यंत्र कुणाच्या घरात बसणार आणि ते कोण चालवणार, हे आधी ठरवून मग आराखडा मागणं आजही दुर्मीळ आहे. किर्लोस्करवाडीतून काळे यांचा चरखा या परीक्षेला गेला होता. तो सगळ्या अटींना उतरला नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

सेवाग्रामात माती, बांबू आणि कवेलूंच्या कुटीत राहणाऱ्या गांधीजींच्या आश्रमात टेलिफोनही होता. व्हाइसरॉयशी बोलणं सोपं जावं म्हणून सरकारने तो बसवला, असं तिथे सांगतात.

या साधेपणाच्या ओढीला सर्वांत रोखठोक उत्तर दिलं ते डॉ. आंबेडकरांनी, 1945 मध्ये. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सुटायचं असेल, तर यंत्राशिवाय दुसरी वाट नाही. फुरसत नाही तर संस्कृती नाही, आणि ती फुरसत यंत्रच देतं. ज्याच्या पूर्वजांच्या वाट्याला गावगाड्यातली सक्तीची कामं आली, त्याने ‘जुनं साधं गाव’ म्हणून उसासा का टाकावा? गिरणीच्या आधी जात्यावर कोण दळत होतं आणि नळाच्या आधी लांबून पाणी कोण आणत होतं, हेही या उसाशात सोयीने गाळलं जातं. मला हा आक्षेप अजूनही बिनतोड वाटतो.

मुंबईत दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी, म्हणजे गांधीजयंतीलाच. पुढचा प्रवास सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला. वडगावच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा 2020 चा. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. अभ्यासासाठी मुलांच्या हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही हातातच राहिला. आधी ‘घ्या’ म्हणणारे आणि आता ‘ठेवा’ म्हणणारे मोठेच होते.

नोव्हेंबर 2022 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली. वडगावने ती वाट धरली नाही. तिथे दीड तासाचा नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू झाला, आणि मालिका बुडणार हे माहीत असूनही बायकांनी ग्रामसभेत त्याला होकार दिला.