पार्श्वभूमी : नादाराने कवडीमोलाने विकलेली शेतजमीन

कर्जात बुडालेला माणूस नादारीचा, म्हणजे तो कर्ज फेडू शकत नाही असं कोर्टाने ठरवावं यासाठीचा, अर्ज होण्याच्या आत दोन-चार एकर बागायत साडूच्या किंवा पुतण्याच्या नावे स्वस्तात खरेदी देतो. पुढे नादाराची मिळकत घेणेकऱ्यांसाठी ताब्यात घ्यायला कोर्टाने नेमलेला रिसीव्हर ते खरेदीखत रद्द करून मागतो. हा झगडा आजही मुख्यतः १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम ५३ वर चालतो. २०१६ ची नवी नादारी व दिवाळखोरी संहिता आली खरी, पण व्यक्तींच्या नादारीबद्दलचा तिचा भाग फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता, १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. अडत्या, किराणा दुकानदार, शेतकरी यांच्यासाठी जुनाच कायदा आहे.

या तरतुदीचं मूळ १५७१ च्या इंग्रजी कायद्यापर्यंत जातं. आपल्याकडचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला. सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झाला. शेतकऱ्याची जमीन खास गहाण दिलेली नसेल, तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात (कोर्टाच्या वसुलीच्या निकालात) ती जप्त होऊन विकली जाणार नाही, अशी त्याने सोय केली. सावकाराला लिहून दिलेलं खरेदीखत खरं तर गहाण होतं, हे तोंडी पुराव्याने दाखवण्याची मुभाही पुढे मिळाली. म्हणजे स्वस्तात गेलेल्या जमिनीबद्दल दाद मागणारा तेव्हा ऋणको होता. कलम ५३ मध्ये बाजू उलटते. तिथे ऋणकोनेच जमीन बाहेर काढलेली असते आणि तक्रार घेणेकऱ्यांची असते.

कलमाचा आशय थोडक्यात असा : सद्भावनेने आणि खरा मोबदला देऊन घेणारा खरेदीदार सुरक्षित. लग्नाआधी, लग्नाच्या मोबदल्यात दिलेली मिळकतही सुरक्षित. बाकीचं हस्तांतर, दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज होऊन माणूस नादार ठरला, तर रिसीव्हरच्या मागणीवरून रद्द व्हायचं. ही दोन वर्षं नादार ठरल्याच्या तारखेपर्यंत मोजायची की अर्जाच्या, यावर आधी वाद होता. १९३० च्या दुरुस्तीने अर्जाची तारीख धरली आणि प्रकरण रेंगाळत ठेवून मुदत घालवण्याची वाट बंद झाली.

खरा पेच सद्भावना सिद्ध कुणी करायची, हा. शेवटचं अपील लंडनला जायचं तेव्हाचा, १९३१ मध्ये छापून आलेला निकाल सांगतो की खरेदीदाराने सद्भावना सिद्ध करायची नसून रिसीव्हरने तिचा अभाव सिद्ध करायचा. कलमाची वाक्यरचना पाहता हा अर्थ निघतो, हे मान्य. पण गावातली खरेदी डोळ्यांसमोर आणा. खतात लिहिलेलं असतं, 'रक्कम पूर्वीच रोखीने पावली, तक्रार नाही.' दुय्यम निबंधकासमोर एक रुपयाही हातातून हातात जात नाही. साक्षीदार दोन्ही घरचे असतात. रिसीव्हर हा बाहेरचा वकील, तो ही रक्कम दिलीच नव्हती हे कशाने दाखवणार? त्याच्या हाताशी येतो तो सातबारा. मालक म्हणून साडूचं नाव चढलेलं, पण पीकपाहणीत पुढची दोन वर्षं ऊस लावणारा म्हणून विकणाऱ्याचंच नाव. अशा खुणांवरून प्राथमिक संशय उभा राहिला की खुलाशाची पाळी खरेदीदारावर यावी, अशी वाट पुढच्या निकालांनी काढली. ती वाट योग्यच आहे, कारण पैसे कुठून आणले हे फक्त खरेदीदारालाच ठाऊक असतं.

कमी किंमत एवढ्यानेच खत पडत नाही. मुद्रांक वाचवण्यासाठी कागदावर किंमत कमी दाखवण्याची सवय जुनी आहे, त्यामुळे खतातला आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याने हे बंधन घातल्यापासून गिऱ्हाईक बहुधा शेजारचा बांधकरी किंवा भाऊबंदच असतो आणि भावही दबतो. म्हणून नात्यातली स्वस्त खरेदी सरसकट खोटी धरता येणार नाही. पण याच युक्तिवादाआडून जमीन घरातच ठेवून बियाणं-खतांच्या दुकानदाराला आणि मजुरांना रिकाम्या हाताने परतवलं जातं. त्यांच्या बुडालेल्या उधारीचा विचार निकालपत्रांत फारच थोडा सापडतो.

संहितेच्या कलम १६४ ने हा तोल हलवला. दोन वर्षांची मुदत कायम आहे, पण निकटच्या व्यक्तीशी केलेला व्यवहार कमी मोलाचा असल्याचं गृहीतच धरलं जातं आणि लग्नाच्या मोबदल्यात दिलेली मिळकत सुरक्षित न राहता कमी मोलाच्या व्यवहारांत मोजली जाते. १९२० चा कायदा रद्द करणारं कलम २४३ संहितेत लिहिलेलं आहे, ते अजून अमलात आणलेलं नाही.