परकीय कोण, हे सिद्ध कुणी करायचं?

परदेशी नागरिकांचा देशातला प्रवेश आणि वास्तव्य ठरवणारा ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० सालचे चार जुने कायदे एकदम रद्द झाले. त्याआधी २७ मार्च २०२५ला विधेयकावरच्या लोकसभेतल्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असं सुनावलं. गाजलं तेवढंच. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. पासपोर्ट-व्हिसाविना घुसल्यास ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड. बनावट कागद वापरल्यास ७ वर्षांपर्यंत.

शिक्षा नव्या असल्या तरी कायद्याचा गाभा १९४६चाच आहे. एखाद्यावर परकीय असल्याचा संशय आला, तर ‘मी परकीय नाही’ हे त्यानेच सिद्ध करायचं. आसामसाठी १९८३ साली केलेल्या वेगळ्या कायद्यात हा भार सरकार आणि तक्रारदारावर होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा २००५ मध्ये रद्दबातल ठरवला.

मराठवाड्याला हा प्रश्न नवा नाही. निजामाच्या फौजेत येमेनमधल्या हद्रमौतचे अरब आणि रोहिले पठाण पिढ्यान्‌पिढ्या होते. हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या सप्टेंबर १९४८च्या पोलीस ॲक्शननंतर नव्या प्रशासनाने त्यांना परकीय धरलं, अनेकांना डांबलं, काहींची येमेनकडच्या एडन बंदराकडे रवानगी केली. त्यांतले कितीतरी इथेच जन्मलेले, इथेच लग्नं झालेले. ज्यांना ‘परत’ पाठवायचं त्यांना तिकडे घ्यायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं, त्यामुळे ती मोहीम रखडली. परभणी, नांदेड, बीडकडे आज भेटणारे चाऊस हे त्याच अरबांचे वंशज.

नागरिकत्वाचे नियमही पुढे आवळत गेले. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्म पुरेसा होता. त्यानंतर आई-वडिलांपैकी एक भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालकही बेकायदा आलेला नको. म्हणजे तारीख आणि ठिकाण दाखवणारा जन्माचा दाखला हाच सगळ्याचा पाया झाला.

तिथेच महाराष्ट्रातला वाद पेटला. वर्ष उलटून गेलेल्या जन्मनोंदीचा आदेश पूर्वी न्यायदंडाधिकारी देत. २०२३च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी आणि त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, थोडक्यात तहसीलपर्यंत आला. बांगलादेशींना असे दाखले मिळाल्याचा आरोप झाला, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उशिराच्या नोंदी थांबवून चौकशी पथक नेमलं आणि मार्चमध्ये नियम कडक केले.

खोटे दाखले निघाले असतील तर ते रद्द व्हायलाच हवेत, त्यात दुमत नाही. पण चाळणी लावली की आधी अडकतो तो कागद नसलेला माणूस, आणि तो बहुतेक वेळा इथलाच असतो. दसरा-दिवाळीनंतर बीड, धारूर, केजची कोयती, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, साखर कारखान्यांवर जातात. उसाच्या पाचटाच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, झालेल्या बाळंतपणाची नोंद ना ऊसतोडीच्या फडाच्या गावी होते, ना मूळ गावी. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने जी तारीख टाकतात, तीच जन्मभर चालते.

त्याआधीच्या पिढीचे कागद तर मोडी आणि उर्दूत. २०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या शिंदे समितीला निजामकालीन दप्तरासाठी हैदराबाद गाठावं लागलं होतं, आणि तिच्या मागे सगळी सरकारी यंत्रणा उभी होती.